बर्फाखालची लाट मोजायची तर आधी मीठ मोजा

प्रश्न: मी रत्नागिरीत भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करतो आहे. पुढे ध्रुवीय समुद्रातले पाण्याखालचे प्रवाह आणि अंतर्गत लाटा यांवर काम करायची इच्छा आहे. वर बर्फ असताना हे सगळं मोजतात कसं? थंडीमुळे पाण्याचे थर होतात आणि त्या थरांवर या लाटा चालतात असं मी समजतो, ते बरोबर आहे का? आणि तिकडे जायला मिळेपर्यंत इथे कोकणात राहून काय शिकता येईल?

उत्तर:

तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ध्रुवीय समुद्रात थर होतात ते मुख्यतः मिठामुळे, थंडीमुळे नव्हे. आपल्याकडच्या २८ अंशांच्या पाण्यात एका अंशाने घनता जेवढी बदलते, त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढी ती शून्य अंशाजवळच्या खाऱ्या पाण्यात बदलते. म्हणजे तिथे तापमान घनतेच्या बाबतीत जवळजवळ मुकं असतं, बोलतं ते मीठ. म्हणून आर्क्टिकमध्ये एक चमत्कारिक वाटणारी रचना टिकून राहते. वर गोठण्याच्या बेताचं, उणे पावणेदोन अंशांच्या आसपासचं, पण कमी खारट पाणी. आणि त्याखाली, साधारण दीडशे मीटरपासून खाली, अटलांटिकमधून आलेलं शून्याच्या वरच्या तापमानाचं, पण जास्त खारट पाणी. ऊब खाली आणि थंडी वर, तरी पाणी उलटत नाही, कारण खालचं पाणी मिठाने जड आहे. या अटलांटिक थरात एवढी उष्णता साठलेली आहे की ती सगळी वर आली, तर वरचा बर्फ टिकणार नाही. ती वर येऊ न देणारी मिठाची पायरी आणि त्या पायरीला हलवणाऱ्या लाटा, हा या विषयाचा गाभा आहे. मी २२ वर्षं या कामात आहे आणि अजूनही कुठल्याही नव्या जागेचा आराखडा हातात आला की आधी विचारते, मिठाचा उभा छेद, म्हणजे कुठल्या खोलीवर पाणी किती खारट याची नोंद, कुठे आहे?

अंतर्गत लाट म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर घरी आगळ असेलच. माशांची काचेची लहान टाकी घ्या. तळाला चार बोटं कोकमाचं आगळ पाण्यात थोडं सैल करून ओता. त्यावर केळीच्या पानाचा तुकडा तरंगत ठेवा आणि गोडं पाणी त्या पानावर अगदी बारीक धारेने सोडा. आगळात मीठ असल्यामुळे ते खाली बसून राहतं आणि लाल-पांढरी सीमा स्पष्ट दिसते. आता टाकीची एक बाजू बोटभर उचलून खाली ठेवा. वरचं पाणी दोन-चार हेलकाव्यांत शांत होईल. लाल सीमा मात्र सावकाश, जड अंगाने झुलत राहील, आणि तिचा चढउतार वरच्या पाण्याच्या हलण्यापेक्षा कितीतरी मोठा असेल. हीच अंतर्गत लाट. दोन थरांच्या घनतेत फरक थोडा असतो म्हणून सीमेला जागेवर ओढणारं बळ दुबळं पडतं, आणि म्हणून लाट मंद आणि उंच होते.

आकडा घालून बघा. समजा खाडीच्या तोंडाशी दहा मीटर पाणी आहे, वरचे दोन मीटर पावसाचं, खालचे आठ मीटर समुद्राचं, आणि घनतेतला फरक घनमीटरला १५ किलो. पृष्ठभागावरची लांब लाट तिथे सेकंदाला जवळजवळ १० मीटरने धावेल. सीमेवरची लाट सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षाही हळू जाईल, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षाही सावकाश.

या मंदपणाचा फटका ज्या जहाजाला बसला, त्यातूनच आपल्या शास्त्राचा एक मोठा धागा सुरू होतो. १८९३ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांचं ‘फ्राम’ सैबेरियाच्या उत्तरेला होतं. वितळलेल्या बर्फाचं गोड्यासारखं पाणी खाऱ्या पाण्यावर पसरलेलं होतं. इंजिन चालू, समुद्र शांत, आणि जहाज कुणी मागून धरून ठेवल्यासारखं रखडलं. खलाशांच्या भाषेत हे ‘मृत पाणी’. नान्सेन यांनी परत आल्यावर हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्याकडे नेला, त्यांनी तो आपल्या विद्यार्थ्याला, वॉल्फ्रिड एकमान यांना दिला. एकमान यांनी टाकीत प्रयोग करून १९०४ मध्ये दाखवलं की जहाजाची ताकद सीमेवरच्या लाटा उठवण्यात खर्च होत होती. त्याच सफरीत नान्सेन यांनी पाहिलं होतं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे २० ते ४० अंश कलून वाहतो. त्यातून १९०५ मध्ये एकमान यांचं प्रवाहाच्या सर्पिलाचं, म्हणजे खोलीबरोबर वळत जाणाऱ्या प्रवाहाचं, गणित आलं. एका बर्फात अडकलेल्या लाकडी जहाजाने आपल्याला अंतर्गत लाटा आणि वाऱ्याने चालणारे प्रवाह, दोन्ही दिले. हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं, कारण दोन्ही गोष्टी ज्या माणसाच्या नजरेला पडल्या, त्याने त्या ‘विचित्र आहे’ म्हणून सोडून न देता लिहून ठेवल्या.

आता मोजतात कसं. वर उघडा समुद्र असला तर उपग्रहाच्या रडारवर अंतर्गत लाटांचे पट्टे दिसतात. अंदमानच्या समुद्रातले पट्टे त्यासाठी प्रसिद्धच आहेत. सलग बर्फाखाली ती सोय नाही. तिथे मुख्य मार्ग दोन. एक तर बर्फावर मुक्काम करून भोकातून उपकरण खाली सोडायचं, नाहीतर उपकरणांची माळ तळाशी बांधून वर्षभर तिथेच ठेवायची.

बर्फावरच्या मुक्कामाची परंपरा जुनी आहे. १९३७ मध्ये सोव्हिएत संशोधक इव्हान पापानिन आणि त्यांचे तीन साथीदार उत्तर ध्रुवाजवळ बर्फावर उतरले आणि २७४ दिवस त्याच बर्फासोबत वाहत ग्रीनलंडच्या बाजूला आले. २०१९-२० मध्ये ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज वर्षभर बर्फात गोठवून घेऊन मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, ती याच पद्धतीची. इथे पहिला धडा हा की तुम्ही ज्या जमिनीवर उभे आहात, तीच चालते आहे. भोकातून मोजलेला प्रवाह हा बर्फाच्या तुलनेतला असतो. त्यात बर्फाचा स्वतःचा वेग जीपीएसवरून मिळवल्याशिवाय तो आकडा कुणाच्या उपयोगाचा नाही.

मिठाचा छेद घ्यायला सीटीडी नावाचं उपकरण असतं. ते पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब एकाच वेळी टिपत खाली जातं, आणि वाहकतेवरून खारटपणा काढतात. थंडीत त्याचा धोका पाण्यात नसून हवेत आहे. उणे २० च्या वाऱ्यात ते मिनिटभर जरी लोंबकळत राहिलं, तर काचेच्या नळीत उरलेलं पाणी गोठून नळी तडकते. म्हणून भोकावर तंबू, तंबूत हीटर, आणि उपकरण बाहेर आलं की आधी नळीतलं पाणी काढायचं, मग बाकीच्या गप्पा. खाली सोडतानाही आधी काही मीटरवर थांबवून त्याला पाण्याच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर पहिले काही मीटर खोटे येतात.

प्रवाहासाठी ध्वनीचा डॉप्लर वापरणारा एडीसीपी असतो. तो चार दिशांना ध्वनी सोडतो, पाण्यातल्या बारीक जिवांवर आपटून परत आलेल्या आवाजाच्या सुरातला बदल मोजतो आणि वेगवेगळ्या खोलीवरचे वेग देतो. ३०० किलोहर्ट्‌झचं यंत्र साधारण शंभर मीटरपर्यंत बघतं, ७५ चं पाचशेच्या आसपास. ध्रुवाकडे हिवाळ्यात पाणी इतकं निवळ होतं, जीव इतके कमी होतात, की पल्ला बराच घटतो. आणि होकायंत्राचा प्रश्न आहेच. चुंबकीय ध्रुवाजवळ क्षेत्राचा आडवा भाग अशक्त असतो, त्यामुळे यंत्रातलं होकायंत्र सहज भरकटतं. बॅटरी बदलली तरी तिच्या लोखंडाने दिशा बिघडते. म्हणून नवी बॅटरी घातल्यावर, त्याच अक्षांशावर, जहाजाच्या लोखंडापासून दूर किनाऱ्यावर नेऊन यंत्र हळूहळू गोल फिरवत होकायंत्र नव्याने जुळवायचं. हे काम कंटाळवाणं आहे, बोटं बधिर होतात, आणि टाळलं तर वर्षभराची प्रवाहाची दिशा संशयास्पद ठरते.

तळाला बांधलेली माळ म्हणजे मूरिंग. तळाशी वजन, त्याच्या वर ध्वनीच्या इशाऱ्याने सुटणारा खटका, मग दोर, दोरावर जागोजागी तापमानाची, खारटपणाची, प्रवाहाची यंत्रं, आणि सगळ्यांत वर तरंगता गोळा. आपल्याकडे बोया पाण्यावर दिसतो. तिथे तो मुद्दाम बराच खाली ठेवतात, नाहीतर बर्फाच्या खाली लोंबणाऱ्या कडा माळच ओढून नेतात. भारताची ‘इंडआर्क’ ही माळ जुलै २०१४ मध्ये स्वालबार्ड या नॉर्वेच्या ध्रुवीय बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डात (फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली खोल, अरुंद खाडी) साधारण १९० मीटर पाण्यात बसवली गेली. तिथून जवळच न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून आपलं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. या फ्योर्डात एकीकडून हिमनद्यांचं वितळपाणी आणि दुसरीकडून अटलांटिकचं कोमट खारं पाणी येतं. थरांचा अभ्यास करायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

माळेबद्दल एक अनुभव सांगते, कारण तो कुठल्या पुस्तकात मला वाचायला मिळाला नव्हता. एका फ्योर्डातल्या माळेची वर्षभराची नोंद हातात आली. ऐंशी मीटरवरच्या तापमापकात दर सहा तास बारा मिनिटांनी तापमान चढत होतं आणि उतरत होतं, घड्याळासारखं. खाली कोमट पाणी, वर थंड. म्हणजे सीमा वर उचलली जाते आहे, अंतर्गत लाट आहे, असं मी धरलं. तीन महिने त्यावर घालवले. गणित जुळत होतं, आलेख देखणे येत होते. मग एके संध्याकाळी सगळ्यांत वरच्या गोळ्याच्या दाबाची नोंद त्याच पानावर काढली आणि हात थांबला. दाबही दर सहा तास बारा मिनिटांनी वाढत होता. पाणी वर येत नव्हतं, माळच वाकून खाली जात होती. भरतीचा प्रवाह आत येताना माळ एकीकडे वाकते, ओहोटीला दुसरीकडे. दोन्ही वेळा उपकरण खालीच जातं आणि कोमट पाण्यात शिरतं. म्हणून भरतीचा साडेबारा तासांचा काळ अर्धा होऊन दिसतो. त्या दिवसापासून प्रत्येक माळेवर निदान दोन दाबमापक आणि वरचा गोळा शक्य तितका मोठा, यावर मी अडून बसते. तुम्ही कुणाचीही नोंद तपासाल तेव्हा आधी दाब बघा. लाटेचा विचार त्यानंतर.

आता तुम्ही भौतिकशास्त्राचे आहात, म्हणून ध्रुवीय समुद्राचं जे वेगळेपण मला सगळ्यांत सुंदर वाटतं तेही सांगते. पृथ्वी फिरते म्हणून समुद्रातलं ढकललेलं पाणी गोल फिरत राहतं. एका फेरीला लागणारा वेळ अक्षांशावर ठरतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर तो जवळजवळ ४१ तास, ७९ अंश उत्तरेला १२ तास ११ मिनिटं. अंतर्गत लाटेचा काळ या फेरीपेक्षा कमी असेल तरच ती मोकळी दूर जाऊ शकते. चंद्राची मुख्य भरती १२ तास २५ मिनिटांची. कोकणात ४१ पेक्षा १२ कितीतरी कमी, म्हणून भरतीने उठवलेली अंतर्गत लाट आपल्या खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, उतारावरून खुशाल प्रवास करते. पण साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या उत्तरेला फेरीचाच काळ भरतीच्या काळापेक्षा लहान होतो, आणि त्या भरतीची अंतर्गत लाट जिथे उठली तिथल्या उतारालाच चिकटून राहते, पुढे निघत नाही. त्यात वरून बर्फ. बर्फाचा खालचा भाग पाण्याला घासतो आणि उरलीसुरली हालचाल शोषून घेतो. म्हणून मध्य आर्क्टिकच्या अंतर्गत लाटा इतर महासागरांच्या मानाने फारच क्षीण आहेत. आणि म्हणूनच कॅनडाच्या बाजूला खाली जाणाऱ्या छेदात तापमानाच्या पायऱ्या, मीटर-दोन मीटर जाडीच्या, घडी न मोडता शेकडो किलोमीटर पसरलेल्या सापडतात.

मोजणाऱ्याला याचा त्रासही होतो. १२ तास ११ मिनिटं आणि १२ तास २५ मिनिटं हे दोन काळ इतके जवळ आहेत की नोंद २७-२८ दिवसांपेक्षा लहान असली तर भरती आणि वाऱ्याने उठलेली फेरी एकमेकांत मिसळून जातात. आठवडाभराच्या मुक्कामातल्या मोजमापावर कुणी ठामपणे ‘ही भरतीच’ असं लिहिलं असेल, तर मी ते मानत नाही.

सध्या या सगळ्याला घाई आली आहे ती बर्फ कमी होतो आहे म्हणून. २०१२ च्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ जवळपास ३४ लाख चौरस किलोमीटरवर उतरला होता, उपग्रहांच्या नोंदीतला तो नीचांक. झाकण उघडलं की वारा थेट पाण्याला लागतो. मग अंतर्गत लाटा वाढतील का, आणि वाढल्या तर खालची ऊब वर येईल का? दुसरीकडे वितळपाण्याने मिठाची पायरी आणखी घट्ट होते, ती घुसळण अडवते. कुठे कोण जिंकतं हे जागेजागेवर वेगळं आहे. युरेशियाच्या बाजूला ऊब वर येताना दिसते, कॅनडाच्या बाजूला पायरी अजून भक्कम आहे. माझ्या मते पुढची दहा वर्षं करण्यासारखं काम हेच.

दक्षिणेकडचं थोडक्यात, कारण तो समुद्र वेगळ्या उत्तराचा विषय आहे. तिथे बर्फ गोठताना बाहेर टाकलेल्या मिठाने पाणी जड होऊन वेडेल समुद्रासारख्या ठिकाणी उतारावरून खोल तळाला जातं. अंतर्गत लाटांबद्दल तिथली एक नोंद मात्र जरूर वाचा. जानेवारी २०२० मध्ये ‘जेम्स क्लार्क रॉस’ हे ब्रिटिश जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ असताना विल्यम हिमनदीचा दर्शनी कडा समोर कोसळला. आधी आणि नंतर दोन्ही वेळचे छेद हातात होते. ढासळलेल्या बर्फाने पाण्याखाली मोठ्या लाटा उठवल्या आणि वेगळे असलेले थर घुसळून टाकले. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मी रेवदंड्याच्या बाजूची, घर डोलवाल्यांचं. डोल जाळं खुंटांना बांधून प्रवाहात उघडं धरायचं असतं, सगळी मासळी पाण्याच्या ओढीवर. पावसानंतरच्या दिवसांत बाबा जाळ्याचं तोंड बघून सांगायचे, ‘वरचं पाणी बाहेर चाललंय, खालचं आत येतंय.’ जाळ्याची वरची कड समुद्राकडे आणि खालची कड खाडीकडे फुगलेली असायची. पुढे फ्योर्डात एडीसीपीच्या पहिल्या आलेखावर तेच चित्र बघितलं: वर वितळपाणी बाहेर, खाली अटलांटिकचं पाणी आत. भौतिकी एकच आहे, तापमान वेगळं.

तेव्हा काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते, ती तुमची प्रयोगशाळा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तुम्हीही पाण्यात जाऊ नका. नारळी पौर्णिमा उलटली, समुद्र जरा निवळला की ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारून, अंगात लाइफ जॅकेट घालून, खाडीच्या आत होडी नांगरा. कोळंबीच्या तळ्यांवर खारटपणा बघायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, तो मिळवा. काचेच्या बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी, आणि मीटरामीटरावर बूच ओढून पाणी आणा. अष्टमीच्या भांगाला (भरतीचा जोर कमी असतो तेव्हा) एकदा आणि अमावास्येच्या उधाणाला एकदा, दोन्ही वेळा सलग १३ तास, दर अर्ध्या तासाने. भांगाला थर स्वच्छ वेगळे दिसतील, उधाणाला भरतीचा जोर त्यांना घुसळून काढेल. प्रवाहासाठी दोन नारळ घ्या. एकाखाली एक मीटर दोरीवर, दुसऱ्याखाली पाच मीटर दोरीवर पत्र्याचे दोन तुकडे अधिकच्या चिन्हासारखे अडकवून लोंबवा. दोन्ही एकदम सोडा आणि फोनच्या जीपीएसवर त्यांच्या वाटा टिपा. कोणता नारळ कुठे जातो ते बघताना तुम्हाला जे समजेल, ते एका सत्राच्या तासांत समजणार नाही.

संगणकावर पायथनमध्ये काळाच्या नोंदींचं विश्लेषण शिका, आंशिक अवकल समीकरणं पक्की करा. गोव्यात दोन दरवाजे आहेत: दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. पहिल्या संस्थेच्या प्रवाह मोजणाऱ्या माळा पश्चिम किनाऱ्यावर मुंबई, जयगड, गोवा अशा ठिकाणांसमोर लावल्या जातात. म्हणजे तुमच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रातही हेच काम चालतं. अशा कामात आधी एखादी माळ भरायला, गाठी मारायला, शॅकल (दोर-साखळ्या जोडणारी कडी) तपासायला शिका. साधं गॅल्व्हनाइज्ड लोखंड आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना थेट भिडलं तर खाऱ्या पाण्यात एक दुसऱ्याला खाऊन टाकतं आणि वर्षाच्या आत माळ सुटते. मध्ये प्लास्टिकचं बुश हवंच. हे मिरकरवाड्याच्या बंदरावर इंजिन दुरुस्त करणाराही तुम्हाला दाखवून देईल.

भाट्याचे आकडे आले की वेळ, तिथी, खोली मीटरमध्ये, खारटपणा आणि वारा अशा पाच रकान्यांत लिहून पाठवा. तेरा तासांच्या मधल्या ज्या नोंदी चुकल्या असतील, तिथे रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका.